एक्कावन्न टक्के

विमान बांधायला घेतलेल्या माणसाला आधी बेफिकिरी शिकावी लागते; रिव्हेटिंग नंतर. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत कुणीतरी सवयीनं विचारतं, "मग, वीकेंडला काय विशेष?" अशा वेळी नजर मसालेभातावरून हलू द्यायची नाही. डाव अर्धा उचलायचा आणि आवाज अजिबात न चढवता म्हणायचं, "विशेष काही नाही. फ्यूजलाजला हात घातलाय." फ्यूजलाज म्हणजे काय हे समोरच्याला ठाऊक नसावं अशी माझी मनोमन प्रार्थना असते. त्यानं विचारावं आणि आपण कोशिंबीर वाढून घेता घेता "विमानाचं धड हो" म्हणावं, यासाठी तर वर्षभर पत्रा घासायचा. मग मागची रांग थांबते. जिलबी वाढणाऱ्या वहिनींचा हात हवेत राहतो. कुणीतरी "खरंखुरं विमान?" असं विचारतं, आणि तोपर्यंत माझी बायको शांतपणे पुढे सरकून आमची दोन्ही ताटं भरून टेबलापाशी पोचलेली असते. हा प्रयोग तिनं दर वर्षी पाहिलाय.

मंडळातच हा प्रयोग करावा लागतो, त्याला कारण आहे. आम्ही राहतो ओहायो राज्यात, डेटनजवळ. राइट बंधूंचं गाव. इथे विमान बांधतो असं सांगणं म्हणजे देहूत घर घेऊन 'आम्हीही थोडेफार अभंग करतो' असं सांगण्यासारखं आहे. अमेरिकन शेजारी कौतुकानं ऐकून घेतात आणि मग म्हणतात, "वा! माझ्या मेहुण्यानं दोन बांधली."

शिवाय या गावात बायकोला दाखल्यांची टंचाई पडत नाही. कंप्रेसरचं बिल आलं, की राइट बंधूंचा उडेपर्यंतचा सगळा खर्च हजार डॉलरच्या आत होता, हे तिला आठवतं. मी पँट उसवली म्हणून तिच्यापुढे धरली, की पंखांचं कापड त्या भावांनी स्वतः मशीनवर बसून शिवलं होतं, हे आठवतं. आणि ते खरंच आहे. १९०० साली विल्बर पहिलं ग्लायडर जोडायला किटी हॉकला गेला, तेव्हा हवे तेवढे लांब वासे मिळाले नव्हते म्हणून कापड लहान करावं लागलं. तिथल्या टेट बाईंचं शिवणयंत्र मागून घेऊन त्यानं ते काम केलं. पुढे ग्लायडरचं काम संपल्यावर टेट बाईंनी त्याच कापडाचे आपल्या मुलींना फ्रॉक शिवले. ही हकीकत वाचल्या दिवशी बायकोनं गॅरेजमध्ये येऊन पत्र्याच्या ढिगाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तुझं नाही उडालं, तर याचं मी काय शिवू?"

त्यातून माझं विमान किटचं. हा तपशील मी मंडळात शक्यतो सांगत नाही. ओरेगॉन राज्यातल्या ऑरोरा गावची व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी १९७० च्या दशकापासून अशी किटं विकते आहे आणि त्यांची अकरा हजारांहून जास्त विमानं हौशी लोकांनी आपापल्या गॅरेजात बांधून उडवलीसुद्धा आहेत. दंतवैद्यांनी बांधली आहेत, शेतकऱ्यांनी बांधली आहेत. माझं मॉडेल आरव्ही-७. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढं. आधी शेपूट येतं, मग पंख, मग धड आणि शेवटी उरलेलं सगळं. धडाचा खोका मागवताना कंपनी विचारते, की बरंचसं रिव्हेट करून आलेलं 'क्विकबिल्ड' हवंय का. ज्या माणसानं आयुष्यात पडद्याचा रॉडसुद्धा सरळ बसवला नव्हता, त्यानं हा प्रश्न वाचून नाक मुरडलं. मी सुटे पत्रे मागवले. खोका उघडला तेव्हा आत विमान कुठेही नव्हतं. पत्रे होते, कोनपट्ट्या होत्या, आणि रिव्हेटांच्या पुड्या होत्या.

अमेरिकन सरकारचा एक नियम मात्र मला फार आवडतो. हौशी माणसाच्या विमानाला परवाना हवा असेल, तर त्याचा मोठा हिस्सा हौशी मंडळींनीच घडवलेला आणि जोडलेला असला पाहिजे. तोही केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी. सगळे याला एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात. किती शिकलात, किती करमणूक झाली, हे सरकार विचारत नाही. पण काम तुम्हीच केलंत याचा पुरावा लागतो. म्हणून वही ठेवायची आणि फोटो काढायचे. आमच्या वहीत मी आहे. ड्रिल धरलेला मी, रिव्हेट गन धरलेला मी, गॉगल कपाळावर सरकवून क्षितिजाकडे पाहणारा मी. गॅरेजात क्षितिज नसतं. समोर वॉटर हीटर आहे. फोटो अर्थातच बायकोनं काढलेत.

फोटोंच्या मधल्या वेळात करायचं काम असं. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, जाडी इंचाचा तिसावा-चाळिसावा हिस्सा. त्यात भोकं कंपनीनंच पाडून दिलेली असतात. हे ऐकून पाहुण्यांना वाटतं, की मग राहिलं काय? राहिलं असं, की प्रत्येक भोक पुन्हा ड्रिल मारून नेमक्या मापाचं करायचं. मग पत्रे सुटे करायचे आणि प्रत्येक भोकाचा बर, म्हणजे कडेला राहिलेली धारदार कूस, काढायचा, दोन्ही बाजूंनी. मग रिव्हेटचं डोकं पत्र्यात बुडावं म्हणून भोकाभोवती खळगा पाडायचा. मग प्रायमर. मग पुन्हा जोडायचं आणि शेवटी रिव्हेट. रिव्हेट संपूर्ण विमानात दहा हजारांच्या वर आहेत. तोवर पत्रे धरून ठेवायला क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या पिना असतात: बारीक भोकांना चंदेरी, त्याहून मोठ्यांना तांब्याच्या रंगाच्या. शेकड्यांनी क्लेको लावलेला पत्रा इतका देखणा दिसतो, की त्याचे फोटो मी सगळ्या नातेवाइकांना पाठवले. क्लेको नंतर काढायचे असतात, हे लिहिलं नाही.

धडात दोन लांब कोनपट्ट्या असतात, त्यांना लॉन्जेरॉन म्हणतात. इंजिनामागच्या पत्र्यापासून शेपटाकडे जाणाऱ्या, कॉकपिटच्या दोन्ही काठांना आधार देणाऱ्या. त्यांना कॉकपिटच्या वळणाप्रमाणे बाक द्यावा लागतो. एवढं मोठं विमानशास्त्र, वाऱ्याचे बोगदे, संगणक. आणि बाक देण्याची अधिकृत पद्धत अशी, की पट्टी व्हाइसमध्ये आवळायची, दुसरं टोक ओढून धरायचं आणि हातोड्यानं मारायचं. एका शनिवारी मी सकाळपासून मारत होतो. पट्टी तशीच सरळ. बायको कपडे वाळवायच्या यंत्राकडे जाता जाता थांबली. म्हणाली, "आवळलेल्या जागेपासून फार लांब मारतोयस. जवळ मार. आणि एकाच ठिकाणी नको, सरकत जा." मी तिला समजावून सांगितलं, की हे विमानाचं काम आहे, इथे प्रत्येक गोष्ट मॅन्युअलप्रमाणे करावी लागते. ती बरं म्हणून गेली. ती गेल्याची खात्री करून मी जवळ मारलं आणि सरकत गेलो. संध्याकाळी वहीत लिहिलं: 'लॉन्जेरॉन वाकवले.' कर्ता अध्याहृत ठेवला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी मंडळातही सांगत नाही. माझं इंजिनिअरिंग कॉम्प्युटरवरचं. माझ्या हातात शेवटचं हत्यार शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आलं होतं. बायको प्रॉडक्शन इंजिनिअर. लग्नाआधी ती भोसरीत एका टूलरूममध्ये होती. शॉप फ्लोअरवर ती एकटी मुलगी, आणि तिनं नाकारलेला जॉब पुन्हा मशीनवर चढायचा. मायक्रोमीटर तिच्या पर्समध्ये असायचा. लग्न ठरवताना मला हे गमतीशीर वाटलं होतं.

रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. बाहेरून एकानं गन धरायची, आतून दुसऱ्यानं रिव्हेटच्या शेपटावर जड ठोकळा, म्हणजे बार, दाबून धरायचा. गन धडधडते, ठोकळ्यावर आपटून शेपूट चेपतं आणि त्याचं दुसरं डोकं होतं. त्या डोक्याचा व्यास रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट आणि उंची निम्मी असावी लागते. ठोकळा तिरका धरला, तर डोकं एका बाजूला लवंडतं. मग ते ड्रिलनं काढा आणि पुन्हा मारा. गन धरणाऱ्याला फार काही करायचं नसतं. पण आवाज त्याचाच होतो, धूळ त्याच्याच अंगावर उडते आणि फोटोत तोच दिसतो. त्यामुळे गन कोणी धरायची, यावर आमच्या घरात कधी चर्चा झाली नाही.

लग्नाच्या वाढदिवसाला मी तिला टंगस्टनचा ठोकळा दिला. टंगस्टनची घनता जवळजवळ सोन्याइतकी असते, असं चिठ्ठीत लिहिलं होतं. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही आज बाहेर जेवणार आहात, ते कुणाबरोबर?" बायकोनं ठोकळा हातात घेतला, तोलला, अंगठा कडेवरून फिरवला, दिव्याखाली धरून पाहिला. "फेस छान आहे," ती म्हणाली. "कोपरे जरा मोडायला हवेत, पत्र्याला लागतील." आणि जेवायला जाण्याआधी अर्धा तास फाइल घेऊन गॅरेजमध्ये बसली. दागिन्याच्या दुकानात मी तिचा असा चेहरा पाहिलेला नाही.

तेव्हापासून आमच्या गल्लीत शनिवार-रविवारी एक आवाज येतो. आतून ती म्हणते, "मार." मग धडधड. मग शांतता, आणि पुन्हा, "मार." चुकलं असेल तर, "थांब. काढ तो." रिव्हेट नीट बसला हे तिला न पाहता कळतं, गनचा सूर बदलतो म्हणते. मला धडधडीचा सूर अजून ऐकू आलेला नाही. शेजारच्या घरातल्या छोट्या अमेरिकन मुलाला आता 'मार' एवढं मराठी येतं आणि तो त्याच्या कुत्र्याशी ते वापरतो. कुत्रा बुचकळ्यात पडतो.

आता पाहुण्यांबद्दल. गॅरेज पाहायला येणारा मराठी माणूस आधी विचारतो, बाहेर कसं काढणार. दारातून, असं सांगितलं की त्याची निराशा होते. मग तो तळपद्यांचं नाव काढतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, विमान उडवल्याची कथा आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते. मी सुरुवातीला उत्साहानं सांगायचो, की त्याचा खात्रीलायक पुरावा नाही, आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला देतात त्यातली यंत्रं उडणं शक्य नाही, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी १९७४ सालीच दाखवून दिलंय. पाहुणे दुखावून चहा न घेता गेले. हल्ली मी नुसता हुंकार देतो.

त्याहून घातक चारकोपचे मामा. ते व्हिडिओ कॉलवर असतात. "अरे, आमच्या इथे तो कॅप्टन यादव," ते सुरू करतात. अमोल यादव. तेव्हा जेट एअरवेजमध्ये वैमानिक. चारकोपात इमारतीच्या गच्चीवर त्यानं सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ साली ते वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ठेवलं होतं आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदणीही झाली. मामा ही सगळी माहिती दर वेळी पहिल्यापासून देतात आणि मग कॅमेऱ्याजवळ येऊन विचारतात, "त्यानं गच्चीवर बांधलं. तुला गॅरेज आहे. त्याचं सहा सीटचं. तुझं?" मी दोन म्हणतो. "आणि पत्रे भोकं पाडून येतात, नाही का?" हे त्यांना बायकोनं सांगितलेलं असतं.

पण खरं सांगायचं तर या सगळ्यांत मला आवडला तो आत्यांचा प्रश्न. आत्या पुण्याहून आल्या होत्या, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी काठी टेकत धडाभोवती पूर्ण फेरी घातली, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "काय रे, तुकोबांच्या विमानाला असंच असेल का आतून?"

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. घाईत असलेल्या वाचकांनी पुढे जावं, मी येतो मागून.

मराठी मुलाच्या आयुष्यातलं पहिलं विमान तुकोबांचं असतं. माझंही तेच होतं. आमच्या देवघरावरच्या तसबिरीत तुकोबा हातात वीणा घेऊन वर चालले होते आणि खाली देहूकर हात उंचावून उभे होते. मग आजीबरोबर प्रभातचा 'संत तुकाराम' पाहिला. १९३६ सालचा, दामले-फत्तेलाल यांचा. तो व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला, हे फार नंतर कळलं. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा पक्ष्याच्या आकाराच्या विमानातून निघतात, तेव्हा आजी थिएटरात हात जोडून उभी राहिली होती आणि मागच्या माणसानं तिला बसा म्हटलं नव्हतं. मीही हात जोडले होते. आता मात्र तो प्रसंग आठवला, की डोक्यात भलत्याच शंका येतात. आसन गुरुत्वमध्याच्या पुढे की मागे? पंखांचे सांधे कसे बसवले असतील? आमच्या विमानाच्या दाराशी निदान दोन इंच उंच अक्षरांत 'एक्सपेरिमेंटल' असं लिहावं लागतं, आणि हे हौशी माणसानं बांधलेलं विमान आहे, नेहमीच्या विमानांचे सुरक्षेचे नियम याला लागू होत नाहीत, अशा अर्थाची पाटी प्रवाशाला दिसेल अशी लावावी लागते. वैकुंठाच्या विमानाला असली पाटी नव्हती, आणि तरी तुकोबांची बायको आवली त्यात बसली नाही.

आजीच्या गोष्टीतला हा भाग मला सगळ्यात जास्त आठवतो. तुकोबा दारात येऊन म्हणाले, चल, वैकुंठाला जायचंय. आवली म्हणाली, तुम्ही व्हा पुढे. म्हैस पिळायची राहिलीय, पोरं उपाशी आहेत, मी आले तर घराकडे कोण बघणार? आणि विमान गेलं. इथे आजी कपाळाला हात लावून म्हणायची, "वेडी रे वेडी! दारात आलेलं वैकुंठ घालवलं." मलाही तेव्हा ती वेडीच वाटायची. फुकटची जागा, खिडकीशी!

हल्ली मी आवलीच्या बाजूला गेलोय. नवरा डोंगरावर नामस्मरणात असताना त्याची भाकरी घेऊन भंडारा चढणारी ती. पायात काटा मोडला, तो काढायला प्रत्यक्ष विठ्ठल आला अशी कथा आहे, म्हणजे किती वेळा चढली असेल बघा. घर तिनं चालवलं, दुष्काळ तिनं काढला, आणि नंतर आपण तिला कजाग ठरवून मोकळे झालो. तीनशे वर्षं कीर्तनात तिच्या तोंडी फक्त भांडण. तुकोबांच्या पायाशी डोकं ठेवूनही मला वाटतं, की तिच्या नकाराचा कुणीतरी नीट विचार करायला हवा होता. कुणी विचारलं का, तिला परत कधी आणून सोडणार?

हे सगळं मी आत्यांना गॅरेजमध्ये आवेशानं सांगत होतो. आत्या मान डोलावत होत्या. बायको धडाच्या पलीकडे बसून बर काढत होती. ती वर न बघता म्हणाली, "आवलीला निदान उडायच्या दिवशी बोलावणं आलं. मला पत्रा घासायच्या दिवशी आलंय."

आत्या इतक्या हसल्या, की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

तर, धड. वरचे पत्रे बसवायला घेतले, की मागचा भाग शेपटाकडे निमुळता होत जाणारा बोगदा होतो. आतून ठोकळा धरायला कुणीतरी त्यात शिरून उताणं पडावं लागतं. मी शिरत नाही, एवढंच सांगतो. आम्ही आत एक फळी टाकली, फळीवर सासूबाईंनी शिवलेली गोधडी, आणि बायको ठोकळा, बॅटरी आणि कानात बोळे घेऊन आत गेली. मी बाहेर गन घेऊन. आमच्यामध्ये तो पातळ पत्रा. एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो. रिव्हेटांच्या मधल्या वेळात आतून आवाज यायचा. घुमून, जरा परका वाटणारा. मुलीच्या कॉलेजबद्दल बोललो. तिच्या बाबांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोललो, तेव्हा व्हिसाच्या कागदांपायी तिला जाता आलं नव्हतं.

एका रविवारी ती म्हणाली, "भोसरीत राहिले असते, तर एव्हाना प्लांट माझ्या हाताखाली असता."

तक्रार नव्हती. एखादं माप वाचून दाखवावं तशी म्हणाली.

लग्न करून ती इथे आली ती एच-४ व्हिसावर. नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेली व्यक्ती, अशी त्यात तिची नोंद. तिला नोकरी करायला कायद्यानं मनाई. २०१५ च्या मे महिन्यात सरकारनं त्यातल्या काही जणींना परवानगी दिली. ज्यांच्या नवऱ्यांचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्याच्या पुढे गेलं होतं त्यांना. तिला कागद मिळाला. एका कारखान्यात मुलाखतीला गेली. तिथे विचारलं, "मधल्या वर्षांत आपण काय करत होतात?" आता ती एका शाळेच्या ऑफिसात हिशेब बघते. त्या मधल्या वर्षांत मी तीन बढत्या घेतल्या आणि प्रत्येक वेळी घरी येताना केक आणला. तिच्या हाताला पुन्हा धातू लागला तो सरकारनं 'शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी' अशी मुभा दिलेल्या कामात. तेही मी नाक मुरडून सुटे पत्रे मागवले म्हणून. एक माणूस उभंच्या उभं बाजूला ठेवून द्यायचं आणि त्याला कागदोपत्री 'अवलंबून' म्हणायचं, हे ज्या कुणी लिहिलं त्याला एकदा आमच्या शेपटात उताणा झोपवला पाहिजे. आणि केक आणणाऱ्यालाही. पण तो मावत नाही, हे वर आलंच आहे.

मला काही बोलायचं होतं. गनच्या घोड्यावरचं बोट काढून मी पत्र्यासमोर उभा राहिलो. वाक्य जुळेना. आतून आवाज आला, "झोपलास का? मार की!"

मी मारला. तिनं सूर ऐकला. "हं. पुढचा."

ईएए नावाची हौशी विमानवाल्यांची मोठी संघटना आहे, १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी काढलेली. तिचे अनुभवी सभासद बोलावलं तर घरी येऊन तुमचं काम तपासून देतात, फुकट. आमच्याकडे आले ते एक निवृत्त मेकॅनिक आजोबा. आयुष्य विमानांखाली गेलेलं. ते येणार म्हणून मी धड बाहेरून आरशासारखं पुसून ठेवलं, वही उघडून क्षितिजाच्या फोटोचं पान वर येईल अशी मांडली, कॉफी केली. आजोबांनी बाहेरून पाहिलंच नाही. खिशातून छोटा आरसा आणि बॅटरी काढली आणि आत डोकं घातलं ते पंधरा-वीस मिनिटं. मी अधूनमधून लॉन्जेरॉनबद्दल माहिती देत होतो. त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "बार कोण धरतं?"

मी बायकोकडे बोट केलं. ती दारात उभी होती, हाताला शाळेच्या पार्किंगची पट्टी तशीच. आजोबा तिच्याकडे गेले, हात पुढे केला आणि म्हणाले, "हे कुठे शिकलात?"

"भोसरी," ती म्हणाली.

ते कुठे आलं, असं त्यांनी विचारलं. आणि तिनं सांगितलं. पहिल्यांदा नकाशा, मग टूलरूम, मग डाय, जिग, फिक्श्चर. आजोबांनी खुर्ची ओढली. त्यांनी त्यांच्या वर्कशॉपातल्या गोष्टी काढल्या, तिनं तिच्या काढल्या. एका ड्रिल बिटाला धार कशी लावायची यावर दोघांचा कडाक्याचा मतभेद झाला आणि मिटला. मी कॉफी दोनदा गरम केली. मग सुचलं म्हणून मोबाइल काढून एक फोटो घेतला. आमच्या वहीत बायको दिसते तो हा पहिला.

निघताना आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता प्रशस्तिपत्र. ते म्हणाले, "रिपेअरमनचा अर्ज वेळेवर करा. नाव एकाचंच बसतं." हे खरं आहे. हौशी विमान बांधून झालं, की बांधणाऱ्याला त्या विमानापुरतं एक प्रमाणपत्र मिळतं, आणि मग दर बारा महिन्यांनी करायच्या तपासणीवर तो स्वतः सही करू शकतो. एका विमानामागे असा माणूस एकच. ते प्रमाणपत्र भिंतीवर कुठे लावायचं, ती जागा मी फार पूर्वीच ठरवलेली होती. वॉटर हीटरच्या वर, क्षितिजात.

"नाव..." मी सुरुवात केली.

"माझं," बायको म्हणाली.

आजोबांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी टोपी घातली आणि गेले. रात्री भांडी लावताना मी वही तिच्यापुढे ठेवून म्हटलं, की वहीत तर सगळीकडे मीच आहे. ती म्हणाली, "विमान तू उडव. लायसन्स तुझं आहे. वर्षातून एकदा मी तपासणार. सही केली, तर उडव." मग तिनं शाळेच्या ऑफिसातला एक पिवळा कागद घेतला आणि तपासणीची यादी करायला बसली. मी खांद्यावरून वाकून पाहिलं. या विमानाची कमाल वजनमर्यादा अठराशे पौंड. त्याखाली तिनं लिहिलं होतं, 'पायलटचं वजन', आणि पुढे आकड्यासाठी जागा सोडली होती. हा मुद्दा सरकारी तपासणीत येत नाही, असं मी सांगितलं.

"माझ्या येतो," ती म्हणाली.

शेपटातले शेवटचे काही रिव्हेट राहिले होते. तिनं गन उचलली आणि मला आत जायला सांगितलं. वहीत आतून काम करतानाचा माझा एक तरी फोटो हवा ना, म्हणाली. एक्कावन्न टक्क्यांचा प्रश्न आहे. नाही म्हणण्यासारखं मला काही सुचलं नाही. मी ठोकळा घेऊन फळीवरून मागे सरकत सरकत गेलो. खांदे गेले. पोटाशी जरा विचार करावा लागला. मग मी पुढेही जाईना आणि मागेही येईना. हे मी तिला लगेच सांगितलं नाही. तिनं मात्र तेवढ्यात फोटो काढला होता. त्यात धड उत्तम आलंय, रिव्हेटांच्या रांगा सरळ दिसतात, आणि माझे फक्त मोजे दिसतात. एक निळा, एक काळा.

मला बाहेर काढण्याआधी तिनं तो चारकोपला पाठवला. मामांचं उत्तर लगेच आलं: 'सहा सीटच्या विमानात ही अडचण आली नसती.'